वेग आवरा, डिझेल सावरा



या पानातून आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेतातला नाही, रस्त्यावरचा आहे. "याचा आमच्या उसाशी काय संबंध?" असे कोणी विचारील, तर संबंध सरळ आहे. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, आणि त्या वाहतुकीत डिझेल जळते. बिल हाती आल्यावर जो पैसा घरी येतो, त्यातला काही भाग पुन्हा आपल्याच गाडीच्या टाकीत जातो. म्हणजे एकाच उसाला डिझेल दोनदा चाटते.

पाण्याच्या बाबतीत आपण बरेच शहाणे झालो. पाटाने मोकाट पाणी सोडणारे कितीतरी सभासद ठिबकवर आले. ठिबकच्या नळीतून एक थेंब जास्त गेला तरी जीव हळहळतो. पण हाच शेतकरी गाडीत बसला की डिझेलचे पाट मोकळे सोडतो. पंपावर पैसे देतो, "महागाई फार झाली राव" म्हणतो आणि गाडी दामटतो. डिझेलचा भाव आपल्या हातात नाही, हे खरे. पण एका लिटरात किती किलोमीटर जायचे, हे बरेचसे आपल्या उजव्या पायात आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तो पाय थोडा हलका करावा.

वारा आडवा येतो

वेग वाढला की डिझेल जास्त का लागते? उन्हाळ्याच्या तोंडी, समोरून वारा असताना ज्यांनी सायकल मारली आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. वारा अंगावर येतो आणि मांड्या भरून येतात. मोटारीचेही तसेच आहे. वारा पडलेला असला तरी गाडी स्वतःच हवेत घुसत असते, आणि हवा तिला मागे ढकलते. हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. साठाचे नव्वद केले, म्हणजे वेग दीडपट केला, की अडथळा सव्वादोनपट. चढत्या व्याजासारखा हा प्रकार आहे. पहिले हप्ते कळत नाहीत, पुढचे अंगावर येतात.

मग अगदी बैलगाडीच्या चालीने जावे काय? तेही नव्हे. फार हळू चालवायचे म्हटले की खालच्या गिअरमध्ये जावे लागते. इंजिन ओरडत राहते, अंतर कापले जात नाही आणि डिझेल मात्र जळते. सर्वसाधारण जीप किंवा मोटार वरच्या गिअरमध्ये, इंजिनाला झटके न बसता, ताशी ५० ते ६० किलोमीटरने एकसारखी चालली की लिटरमागे चांगले अंतर देते. मोटारसायकलला ४० ते ५० पुरे. हळू म्हणजे रांगत नव्हे, बेताने. आणि बेताइतकेच महत्त्व एकसारखेपणाला. आता नव्वद, मग करकचून ब्रेक, पुन्हा नव्वद, अशाने डिझेलही जाते आणि टायरही.

हे ज्ञान नवे नाही. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवले आणि काही महिन्यांत जगभर तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आपल्याकडे त्या नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने जानेवारी १९७४ मध्ये कायदा करून सगळ्या महामार्गांवर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा घातली. ती राष्ट्रीय मर्यादा १९९५ साली पूर्णपणे उठली, पण तेल वाचवायचे तर आधी वेग आवरावा लागतो, हे त्यांनाही पटले होते.

आपल्या केंद्र सरकारने १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ स्थापन केला. भारतीय मोटारी ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ च्या वेगाने चालवल्या, तर त्याच इंधनात ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर जाते, असे या संस्थेने चाचण्यांवरून सांगितले. आजच्या गाड्यांना पाचवा गिअर आहे आणि अंगही गुळगुळीत आहे, त्यामुळे फरक तितका पडेलच असे नाही. पण दिशा तीच राहते, कारण हवा बदललेली नाही.

मिनिटांचा भाव काय?

आता आपल्याच रस्त्याचा हिशेब मांडू. अजिंठ्याहून सिल्लोडमार्गे छत्रपती संभाजीनगर ढोबळमानाने शंभर किलोमीटर धरा. हा रस्ता कित्येक वर्षे उखडलेला होता. तेव्हा वेगाचा प्रश्नच नव्हता, कंबर सांभाळली तरी पुष्कळ. आता बराचसा रस्ता सिमेंटचा, रुंद झाला, आणि लगेच आपले पाय जड झाले.

समजा, एक जीप ताशी साठने लिटरला १५ किलोमीटर देते आणि नव्वदने १२. शंभर किलोमीटरला साठने ६.६७ लिटर लागतील, नव्वदने ८.३३. फरक पडला १.६६ लिटरचा. डिझेल ९० रुपये धरले तर एका बाजूला सुमारे दीडशे रुपये, जाऊन येऊन तीनशे.

बदल्यात मिळाले काय? साठने १०० मिनिटे लागतात, नव्वदने ६७. मिळाली ३३ मिनिटे. तीही कागदावर. वाटेतली गावे, गतिरोधक, आठवडी बाजाराची गर्दी आणि जनावरांचे कळप धरले तर प्रत्यक्षात वीसच हाती लागतात. त्या वीस मिनिटांचे आपण काय करतो? सिल्लोडला उतरून चहा पितो, नाहीतर कचेरीच्या दारात साहेब येईपर्यंत उभे राहतो. दवाखान्यात पेशंट न्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पैशाचा हिशेब करू नये. पण लग्नाला, बाजाराला, कोर्टाच्या तारखेला जाताना वीस मिनिटे आधी निघाले तर तीनशे रुपये वाचतात. महिन्याला अशा चार फेऱ्या झाल्या की बाराशे रुपये झाले. खताच्या दुकानात बाराशे रुपयांसाठी आपण किती घासाघीस करतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

पैशापलीकडची एक गोष्ट इथेच सांगतो. गळिताच्या दिवसांत रात्री या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, आणि लाल रिफ्लेक्टर उसाच्या वाड्याखाली झाकलेला असतो. नव्वदने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, साठाची सुमारे १७ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे हे अंतर. ब्रेक लागल्यावर थांबायला नव्वदच्या गाडीला साठाच्या सव्वादोनपट रस्ता लागतो. अंधारात ट्रॉली दिसली तेव्हा उरलेला रस्ता पुरला नाही, तर पुढचा हिशेब रुपयांत होत नाही. ट्रॉलीवालाही आपला आणि जीपमधलाही आपलाच.

घाटातली खोटी बचत

डिझेल वाचवण्याचा एक चुकीचा मार्ग आपल्याकडे फार रूढ आहे. त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. अजिंठा गाव वर पठारावर, फर्दापूर खाली, मधे वळणावळणाचा घाट. हा घाट उतरताना कित्येक ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतात. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. "उतारावर फुकट जातं, डिझेल कशाला जाळायचं?" असे वर सांगतात.

बंधूंनो, यात डिझेल वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर उतारावर चाकेच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो, जुन्या पंपांत गव्हर्नर करतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे थोडे डिझेल लागतच राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला, ती बचतच नाही. आणि धोका केवढा! गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाहीत. इंजिन बंद केले की ब्रेकची ताकद आणखी घटते, पॉवर स्टिअरिंग जड होते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, मागचे सगळे वजन ट्रॅक्टरला रेटते. जुने ड्रायव्हर सांगत आले ते आजही खरे आहे. ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा.

ट्रॉलीला वाऱ्याचे नव्हे, वजनाचे दुखणे

ट्रॅक्टरला हवेचा हिशेब फारसा लागू पडत नाही, कारण त्याचा वेगच कमी. त्याचे दुखणे वजनाचे. ट्रॅक्टर आणि भरलेल्या ट्रॉल्या मिळून वीस टन धरा. एवढे वजन थांबल्या जागेवरून ताशी २५ किलोमीटर वेगाला आणायला, आमच्या हिशेबाने, नुसत्या वेग देण्यापोटी ४० ते ५० मिलिलिटर डिझेल खर्ची पडते. अर्धा कप चहाइतके म्हणा. पुढे गतिरोधक आला, ब्रेक मारला, की ते अर्धा कप डिझेल लायनरच्या उष्णतेत गेले. पुन्हा उचल, पुन्हा अर्धा कप. वाटेत असे वीस अडथळे आले की लिटरभर डिझेल केवळ ब्रेकने खाल्ले.

वेग २५ ऐवजी १५ ठेवला तर दर उचलीचा हा खर्च तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. कारण इथेही वेगाचा वर्गच आडवा येतो. निदान एवढे तरी करावे, की अडथळा लांबून दिसताच पाय काढावा आणि गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावू द्यावी. वजनाने मिळवलेला वेग रस्ता कापण्यात खर्च होऊ द्यावा, ब्रेकमध्ये नव्हे.

रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतताना ट्रॅक्टर फुल थ्रॉटलवर खालच्या गिअरमध्ये पळवण्याऐवजी वरचा गिअर टाकून थ्रॉटल कमी करावा. वेग तोच राहील आणि डिझेल कमी लागेल. मात्र काळा धूर निघू लागला किंवा इंजिन गुदमरू लागले, तर भार जास्त होतो आहे असे समजून एक गिअर खाली यावे.

टायरमध्ये हवा कमी असेल तर रस्ता गाडीला धरून ठेवतो. शेतात चालणारी कमी हवा रस्त्यावर चालत नाही. डिझेलच्या नळीतून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर वीस थेंबांना एक मिलिलिटर धरून दिवसाला चार लिटरच्या वर जाते. ठिबकच्या माणसाला याहून अधिक काय सांगावे?

नंबराची घाई

इथे ट्रॅक्टरवाले बंधू आम्हाला विचारतील, आणि रास्त विचारतील, "साहेब, हळू चालवायला आमची ना नाही. पण मागे राहिलो तर काट्यावर नंबर लांब जातो. त्याचं काय?"

हा प्रश्न खरा आहे. वाहतूकदाराला टनावर आणि अंतरावर पैसे मिळतात. जितक्या खेपा, तितका पैसा. म्हणून तो पळतो. शिवाय आम्ही शेती विभागाचे लोकच सभासदांना सांगत असतो, की तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन घटते आणि साखर उतारा उतरतो. मग हळू चाला म्हणणे आणि लवकर आणा म्हणणे, ही दोन तोंडे झाली नाहीत काय?

नाही झाली. वेळ जातो कुठे, ते पाहा. फड वीस किलोमीटरवर आहे. ताशी २० ने एक तास लागतो, ताशी १५ ने ऐंशी मिनिटे. फरक वीस मिनिटांचा. आणि यार्डात गर्दीच्या दिवशी गाडी किती वेळ उभी असते, हे सभासदांनाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. ती रांग तासांत मोजावी लागते, मिनिटांत नव्हे. तोडून पडलेला ऊस गाडीत भरेपर्यंत फडात किती वेळ राहतो, तोही तासांतच. ऊस वाळतो फडात आणि यार्डात, आणि घाई मात्र होते रस्त्यावर! जिथे वेळ गळतो तिथे बूच नाही आणि जिथे गळत नाही तिथे आटापिटा, असा हा प्रकार आहे.

तेव्हा नुसते ड्रायव्हरला उपदेश करून भागणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडीचा नंबर गेटवर पोचल्याच्या वेळेवरून न लावता फडात भरल्याच्या वेळेवरून लावावा. स्लिपबॉयने पावतीवर वेळ टाकावी आणि ती काट्यावर ग्राह्य धरावी. म्हणजे रस्त्यावर दुसऱ्याला मागे टाकून काही मिळणार नाही, आणि शर्यत आपोआप थांबेल. गटवार तोडीचा कार्यक्रम गाळपाच्या बेताने दिला, तर रांगही आखूड होईल. रांगेत उभ्या ट्रॅक्टरचे इंजिन बंद ठेवण्याची शिस्तही तितकीच महत्त्वाची. चालू ठेवलेला ट्रॅक्टर उभ्या उभ्या तासाला एक लिटरहून जास्त डिझेल पितो, असे वर सांगितलेल्या संघाचेच म्हणणे आहे. सेल्फ बिघडला म्हणून इंजिन बंद न करणारे पुष्कळ आहेत. सेल्फ दुरुस्त करण्याचा खर्च काही दिवसांच्या रांगेतच वसूल होईल.

वाहतुकीचे दर ठरताना डिझेलच्या खर्चाचा विचार होतोच. वाहतूक महागली की तो बोजा शेवटी उसाच्या बिलावर येतो. म्हणून ड्रायव्हरच्या पायाचा विषय हा सभासदाच्या खिशाचा विषय आहे, असे आम्ही म्हणतो.

मग आपल्या इथेनॉलचे काय?

चौकस सभासद आणखी एक शंका काढतील. "आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालतात, ते आपल्याच उसाचं. लोकांनी पेट्रोल वाचवलं तर आपलाच माल कमी खपेल की!" शंका चांगली आहे, पण हिशेब उलटा आहे. इथेनॉल उसाबरोबर मका आणि तांदळापासूनही होते, हे एक. वाचलेल्या पाच लिटरांत इथेनॉल एक लिटर, बाकीचे चार लिटर खनिज पेट्रोल, हे दुसरे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल परदेशातून येते. म्हणजे वाचणारा मोठा वाटा परक्या तेलाचाच. शिवाय आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये इथेनॉल नसतेच, तेव्हा तिथे ही शंकाही उरत नाही.

उलट इथेनॉलमुळे बेताने चालवण्याची गरज वाढली आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते, त्यामुळे मिश्र पेट्रोलवर गाडी लिटरमागे थोडे कमी अंतर देते. ती तूट पायाच्या शिस्तीने बरीच भरून काढता येईल.

प्लॉट टाकून पाहा

आम्ही सांगितले म्हणून कोणी विश्वास ठेवू नये. नवे बेणे आले की आपण काय करतो? सगळे रान एकदम लावत नाही. चार सऱ्या नव्या, चार सऱ्या जुन्या, आणि वजन काट्यावर. इथेही तसेच करावे.

१) टाकी काठोकाठ भरून घ्यावी आणि किलोमीटरचा आकडा वहीत टिपावा.

२) नेहमीच्या सवयीने गाडी चालवावी. निदान दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. किती लिटर बसले आणि किती किलोमीटर झाले, ते लिहावे.

३) पुढची टाकी साठाच्या आत, वरच्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने चालवावी. टायरची हवा आणि गाडीतली माणसे शक्यतो पहिल्यासारखीच ठेवावीत, नाहीतर तुलना खरी होणार नाही.

४) दोन्ही वेळी किलोमीटरला लिटरने भागावे. पोरांना भागाकार करायला लावावा, म्हणजे त्यांनाही कळेल.

ट्रॅक्टरवाल्यांनी एक हप्ता जुन्या पद्धतीने आणि एक हप्ता नव्या पद्धतीने, त्याच फडाच्या त्याच रस्त्याच्या खेपा मोजाव्यात.

गळीत हंगाम सुरू झाला की वह्या घेऊन आपापल्या गट कार्यालयात यावे. आलेले आकडे, कमी असोत की जास्त, याच पानात छापण्याची व्यवस्था आम्ही करू. ज्यांचा फरक काहीच पडला नाही, त्यांनीही यावे. मग टायर, नोझल की एअर फिल्टर, दुखणे कुठे आहे ते आपण मिळून पाहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी, शेती विभाग